एक काटा सरळ, एक वाकडा

धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या साली आईची नजर पार गेली. पाठवणी उरकल्यावर ती म्हणाली, "आता मला बाळाकडे ने." माझ्या पाठचा भाऊ तान्हा असतानाच गेला होता, आणि वडिलांनी त्याला वाळवंटात एका रानबोरीच्या झुडपाखाली पुरलं होतं.

मी पहिल्याच काटेरी झुडपापाशी थांबलो. "हेच ते, आई."

तिनं फांदी चाचपली. "हे दोन्ही काटे सरळ आहेत. बोरीच्या जोडीत एक सरळ आणि एक वाकडा असतो. ऊन लागलं म्हणून मला गुंडाळतोस होय रे?"

पुढच्या झुडपाचे काटे तसे निघाले. पानाची खालची बाजूही लोकरीसारखी मऊ लागली. आई खाली बसली.

"अशा बोरी इथं किती आहेत?"

नजर पोहोचेल तिथवर बोरीच होत्या. "एकच," मी म्हणालो.

"तुला खोटं कधी जमलंच नाही," ती म्हणाली, आणि तिथलीच वाळू हातानं सारखी करत राहिली.

बहीण पहिल्यांदा माहेरी आली, त्याच आठवड्यात आई वारली.