नऊ बाजार

“बाहेरची झालीस, त्याला किती बाजार झाले गं?” मी विचारलं. सुकरीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “नऊ.”

आमच्याकडे बायकांना पाळीची तारीख विचारून उपयोग नसायचा, बाजार विचारायचा. एक बाजार म्हणजे एक आठवडा. जव्हार-मोखाड्यात नर्स म्हणून माझी उभी हयात गेली, हे गणित कधी चुकलं नव्हतं. २००६ साल असेल. गोळ्यांनी पोट मोकळं करायची सोय मोठ्या दवाखान्यात नुकतीच आली होती, पण तेव्हा सात आठवड्यांच्या आतच देत. नऊ ऐकून मी हात झटकले. म्हटलं, वेळ गेली, आता ठाण्याच्या सिव्हिलला जा. तिला पाचवं नको होतं; चार पोरं पदरात, नवरा भिवंडीला वीटभट्टीवर. ती कसली ठाण्याला जाते! “बरं बाय,” म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी तांदूळ पाखडायला सूप घेतलं ते हातातच राहिलं. सूप सुकरीकडूनच घेतलेलं, मोखाड्याच्या बाजारात. आणि मीटिंगला गेलं की जव्हारच्या बाजारातही तीच सुपं मांडून बसलेली दिसायची. म्हणजे हिचे आठवड्याला दोन बाजार! नऊ बाजार म्हणजे जेमतेम पाच आठवडे. एवढं विचारायला काय धाड भरली होती मला?

परत पाठवलेली बाई कुठे जाते ते मला ठाऊक होतं. पाड्यावरची म्हातारी रखमी मुळी उगाळून द्यायची. त्या मुळीपायी धाकली नावाची पोर माझ्या डोळ्यांदेखत गेली होती, जीपची वाट बघत.

उजाडताच निघाले. दोन तासांची पायवाट, सगळी वाट स्वतःला शिव्या घातल्या. सुकरी ओट्यावर होती, पुढ्यात वाटीत मुळी. प्यालीस का, मी अंगणातूनच विचारलं. पोरांना भाकर घालून मग पिते म्हटलं, ती म्हणाली. मी वाटी ओतून दिली आणि तिला घेऊन निघाले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाचच आठवडे निघाले. संमतीचा कागद पुढे केला तशी सुकरी मागे सरली, नवरा गावात नाही म्हणाली. नवऱ्याचा अंगठा लागत नाही, तुझाच पुरे, असं बाईंनी समजावलं. तिने पदराला अंगठा दोनदा पुसला, मग उठवला.

पहिली गोळी तिथेच दिली. पाड्याला ना रस्ता ना गाडी, म्हणून दोन दिवसांनी पुढच्या गोळ्यांसाठी तिला माझ्या क्वार्टरवर ठेवून घेतली. कळा आल्या, रक्त गेलं, दर तासाला मी कापडाच्या घड्या बघत होते. दुपारी रक्त पाळीइतक्यावर आलं. पंधरवड्याने तपासणीतही ठीक निघालं. पुढे निवृत्त होईपर्यंत ‘कुठकुठचे बाजार करतेस’ हे विचारल्याशिवाय मी एकीचाही हिशेब धरला नाही. पण त्या सगळ्या वर्षांतली ती दुपारच मला जास्त आठवते.

पेज पाजताना मी म्हटलं, “माझं चुकलं गं, सुकरी.”

“चुकलीस खरी,” ती म्हणाली. “पन चालत आलीस. माझ्यासाठी आजवर कोनी चालत नाय आला.”

मग माझ्याच खाटेवर कुशीला वळली आणि भर दिवसा गाढ झोपली. बाहेर तापाचे पेशंट आले होते. मी त्यांना हळू बोला म्हणाले आणि दार ओढून घेतलं.