कुमसूनची जाळी

“कुमसून साम्चुनच्या जाळीत आज कुणी म्हणजे कुणी काही टाकायचं नाही,” कॅमेऱ्याच्या स्टँडचा तिसरा पाय खडकाच्या फटीत रोवत येसल म्हणाली.

पाणबुड्या बायका रबरी पोशाखात अंग कोंबत होत्या. त्यांच्यात सगळ्यात तरबेज बोकसिल. तिनं कमरेचा शिशाचा पट्टा आवळला आणि मान वर केली.

“एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला रिकाम्या हातानं घरी धाडायचं? शहरात जाऊन हेच शिकलीस होय गं?”

“एकच दिवस, साम्चुन.” गावातल्या प्रत्येक वडीलधारीला येसल साम्चुनच म्हणे.

“आमची रिकामी भांडी बघून लोकांना झोप चांगली लागते वाटतं!”

बायका खिदळल्या. म्हातारी कुमसून तेवढी, पाण्यात वाफ धरू नये म्हणून, आपल्या बुडीच्या चष्म्याच्या काचेवर ओला पाला चोळत राहिली.

येसलला हसू आलं नाही. माणसांचा हिशेब तिला पाठ होता. तापत्या समुद्राचा आलेख सह्यांच्या साइटवर टाकला, की माणूस अकरा सेकंद थांबे. पांढऱ्या पडलेल्या खडकांपाशी वीस. मरणाऱ्या कासवापाशी पाऊण मिनिट. पण डोळे पुसून, सही न करताच निघून जाई. त्या खडकांवर पुन्हा शेवाळ लावायचा विषय जेजू बेटाच्या प्रांतसभेपुढे यायला पाच हजार सह्या लागत होत्या. मुदत आज संध्याकाळची, आणि साडेआठशे कमी.

गेल्या मंगळवारी तिनं पहिल्यांदा किनाऱ्यावरून थेट प्रक्षेपण केलं. तीन तास बुड्या मारून कुमसून रिकामी जाळी घेऊन वर आली खरी, पण कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर प्रत्येकीनं दोन-दोन शंख टाकून ती टम्म भरली. म्हातारीची जाळी भरायची ही आजी-पणजीपासूनची रीत, हात आपोआप जातो. खाली लगेच कुणी लिहिलं, ‘समुद्र तर भरल्या घरासारखा दिसतोय! गळे कशाला काढता?’ त्या दिवशी सह्या आल्या चार.

आज मात्र सहा हजार माणसं पाहत होती. बुडी मारून वर येताना बायका श्वासाची शीळ घालत, त्या शिट्ट्या थांबल्या; बुड्या संपल्या. येसलनं कॅमेरा चढणीच्या पायरीवर नेमका धरला आणि नजर बोकसिलच्या हातांवर ठेवली.

एक बाई कुमसूनच्या अंगावरून गेली. दुसरी गेली. बोकसिलही गेली. एकही हात पुढे झाला नाही.

कुमसून पायरीवर टेकली. जाळी पिळलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. सह्यांचा आकडा उड्या मारू लागला. ‘बिचाऱ्या आजी! या वयात कसलं हे काम. आता घरी बसा,’ लोक लिहीत होते, आणि सही करत होते. पाच हजार केव्हा ओलांडले ते कळलंही नाही.

येसल धावतच बोकसिलकडे गेली.

“उपकार झाले, साम्चुन. ऐकलंत माझं.”

“कुणी ऐकलं?”

बोकसिल कॅमेऱ्याकडे पाठ करून, जाळी अडकवायचा तरंगता गोळा पोटाशी कवटाळून उभी होती. बाकीच्या खडकाआड बसल्या होत्या, जाळ्या मांडीखाली दाबून. कुणी खिदळत नव्हतं.

“तुमचीही रिकामी?” येसलनं विचारलं. मग ती कॅमेऱ्याकडे वळली.

“फिरवलास तर स्टँडसकट बुडवीन.” बोकसिल दबक्या आवाजात म्हणाली. “तिची रिकामी दिसली तर म्हणतील, वय झालं. माझी दिसली तर समुद्रच संपला म्हणायचा.”

येसलचा हात कॅमेऱ्याच्या मुठीवर होता. तो तिनं काढलाही नाही, हलवलाही नाही.

कुमसून गुडघ्यावर हात देत उठली, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आली. पोशाखाच्या गळ्यात बोटं घालून तिनं अंगठ्याएवढा एक शंख काढला.

“पोरीला रिकामी हवी होती, म्हणून लपवला,” ती म्हणाली. “घे, बोकसिल. उघड जाळी.”

चाळीस वर्षं बोकसिल दुसऱ्यांच्या जाळ्या भरत आली होती. स्वतःच्या जाळीचं तोंड दुसऱ्यासाठी कसं धरायचं, हे तिच्या हातांना समजेना.