पहिला पीस

धम्मपालने गेम बनवायचं ठरवलं जूनमध्ये. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला, तरी तो कशात बनवायचा हेच ठरलं नव्हतं.

चाकणच्या ज्या कारखान्यात तो खरेदी विभागात आहे, तिथे चार मार्चपासून सुरक्षा सप्ताह असतो. दरवर्षी कॅन्टीनमध्ये तीच जुनी अपघातांची फिल्म लागते आणि दरवर्षी लोक तिच्याकडे पाठ करून जेवतात. या वेळी सुरक्षा अधिकारी तनुजा मॅडमनी त्याला सांगितलं होतं की पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर हात कसे वाचवायचे याचा साधा गेम कर, मी कॅन्टीनमध्ये टचस्क्रीन लावते. अट एकच होती. अठ्ठावीस फेब्रुवारीला गेम चालताना दिसला पाहिजे, नाहीतर फिल्म. धम्मपालच्या वडिलांची, कोंडीरामची, उजव्या हाताची मधली दोन बोटं भोसरीच्या एका प्रेसखाली गेली होती. त्यामुळे ती फिल्म त्याला पुन्हा बघायची नव्हती.

गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर मिळतं, त्याला इंजिन म्हणतात. ते निवडताना धम्मपालने ऑफिसात सात वर्षं जे केलं तेच केलं. तीन पुरवठादार, एक तक्ता, प्रत्येकाला गुण. पहिलं इंजिन मोठ्या कंपनीचं, ठरावीक कमाईपर्यंत मोफत. धम्मपालची गेममधून कमाई शून्य, तरी त्याने पुढच्या पाच वर्षांचा अंदाज मांडला. दुसरं दिसायला देखणं, पण त्याला लागणारा कॉम्प्युटर घ्यायचा तर गाडीचा विचार सोडावा लागला असता. तिसरं जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, पूर्ण फुकट. त्यावर त्याचा विश्वासच बसेना. खरेदीतल्या माणसाच्या लेखी फुकट देणारा पुरवठादार म्हणजे उद्या फोन न उचलणारा पुरवठादार. त्याने त्यांच्या फोरमवर ऑफिसातली प्रश्नावली जशीच्या तशी टाकली: कारखान्याचा पत्ता, गुणवत्ता प्रमाणपत्र, खराब माल परत घेण्याची अट. तीन दिवसांनी ब्राझीलमधल्या कुणीतरी कळवलं की आम्ही सगळे स्वयंसेवक आहोत, आणि पुढे हसरा चेहरा काढला. धम्मपालने प्रमाणपत्राच्या रकान्यात ‘प्रलंबित’ असं लिहिलं.

कंपनीच्या बसमध्ये मेंटेनन्सचा शेखर दर आठवड्याला आणखी एखादं नाव सुचवायचा, की तक्त्यात एक रकाना वाढायचा. धम्मपालच्या बायकोने, मैत्रीने, डिसेंबरपर्यंत सहन केलं. मग एकदा जेवताना तिने शांतपणे विचारलं, “लग्नाआधी माझाही असा तक्ता केला होतास का?”

तो म्हणाला, छे.

“केला असशील. फक्त बाकीच्या दोघी कोण होत्या ते सांग.”

फेब्रुवारीच्या त्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, कारखान्याला सुट्टी होती. काळेवाडीच्या घरात धम्मपाल सकाळपासून लॅपटॉपसमोर होता. कोंडीराम शेजारी येऊन बसला. परभणीकडून येऊन त्याला चाळीस वर्षं झाली, पण बोली तिकडचीच राहिली. त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, यातल्या कशावर प्रेस चालवून बघितलास? धम्मपाल म्हणाला, अजून कशावरच नाही, आधी निवड पक्की व्हायला हवी.

“नऊ महिने झाले, काय करायलास?” कोंडीराम म्हणाला. “डाय बसविली की पहिला पीस काढायचा. तो पास झाला तर पुढं. कागदावर पीस निघत नसतो, बाबा.”

हे धम्मपालला माहीत नव्हतं असं नाही. नवी डाय, म्हणजे साचा, बसवल्यावर पहिला पीस तपासल्याशिवाय त्याच्या कारखान्यात एकही लॉट सुरू होत नाही. तो चिडला, आणि वडिलांना खोटं पाडायचं म्हणून कामाला लागला. मोठ्या कंपनीचं इंजिन दुपारच्या जेवणापर्यंत उतरतच राहिलं. देखण्या इंजिनाने आठ वर्षांचा लॅपटॉप बंद पाडला. फुकटचं चहा गाळून होईस्तोवर उघडलं. त्यात त्याने एक करडा चौकोन वरखाली केला, तो प्रेस. खाली दोन गोल काढले, ती बटणं. दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहणार. संध्याकाळी पाचला ते मोबाइलवर चाललं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

कोंडीरामने मोबाइल मांडीवर आडवा ठेवला. उजव्या हाताचा अंगठा एका गोलावर टेकवला, त्याच हाताची करंगळी दुसऱ्यावर. मग मोकळ्या डाव्या हाताचं बोट त्याने प्रेसखाली ठेवलं. चौकोन खाली आला आणि बोटावर बसला.

“नापास,” तो म्हणाला.

धम्मपाल म्हणाला, असं कोण करतं?

“मी केलतं. उजव्या बटणाला सायकलची ट्यूब बांधली होती. टार्गेट भरत नव्हतं.”

घरात वीस वर्षं सगळ्यांना एवढंच माहीत होतं की त्या दिवशी मशिनचं बटण खराब होतं. मैत्री ओट्याशी थांबली. कोंडीरामने मोबाइल परत दिला आणि सांगितलं की बटणं लांब लांब घे, आणि दर वेळी दोन्ही सोडल्याशिवाय प्रेस पुन्हा उतरू देऊ नको.

एवढं करायला धम्मपालला बारा दिवस लागले. इंजिन कुठलं, हे त्या बारा दिवसांत कुणी विचारलं नाही, त्यानेही नाही. अठ्ठावीसला तनुजा मॅडमनी गेम पाहिला आणि होकार दिला.

चार मार्चला पहिल्या शिफ्टच्या जेवणात टचस्क्रीनपुढे रांग लागली. लाइनवरचा एक पोरगेला ऑपरेटर पुढे आला, दोन्ही बटणांमधलं अंतर त्याने नजरेने मोजलं आणि मागच्याला म्हणाला, “भावा, ते तिकडचं दाब की.” मागच्याने दाबलं. पहिल्याचा हात प्रेसखाली, आणि रांगेत हशा. दोन मिनिटंही झाली नव्हती.

धम्मपालने कपाळाला हात लावला. मग बाहेर जाऊन घरी फोन केला आणि काय झालं ते सांगितलं.

“ते बी करायचो आम्ही,” पलीकडून कोंडीराम म्हणाला. “दुसरी शिफ्ट जेवायला कधी येते?”

“साडेसातला.”

“मग बस कामाला.”