पिवळी छत्री आणि उलटा मासा

मी एक जुनी छत्री आहे. पण मित्रांनो, गेल्या एकतीस वर्षांत मी कुणालाही पावसापासून वाचवलेलं नाही. हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मला आता वाईट वाटून घेण्याचाही कंटाळा आला आहे. माझ्या आठ काड्यांपैकी दोन वाकल्या आहेत, एक गंजून कापडाला चिकटली आहे आणि टोक तर झिजून झिजून बोथट झालं आहे. तरी थोडा वेळ बसलात तर सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी होते. चारचौघींसारखी. ज्यांनी मला विकत घेतलं त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. ते गाईड होते. आमच्या शहराचं जुनं बंदर ते पाहुण्यांना पायी फिरून दाखवत. दोन तासांची फेरी, सात थांबे. जकातघर, मग उंच खिडकीवर अजून लोखंडी कप्पी लटकणारं गोदाम, मग दोर वळणाऱ्यांची गल्ली. एका भिंतीत होड्या बांधायच्या कड्या होत्या. समुद्र आता तिथून चांगला दूर गेला आहे. मास्तर म्हणत, "इथे समुद्र होता. माणसांनी त्याला सरक म्हटलं, तो सरकला. शहाणा आहे, पण विसराळू नाही." पाहुणे हसत, आणि मग जरा गप्प होत.

एवढ्या घोळक्याला मास्तर कुठे आहेत ते कळावं, म्हणून मला उंच धरायचं, एवढंच माझं काम. पहिल्याच पावसाळी फेरीत मास्तरांनी मला उघडलं आणि घात झाला. रस्ताभर काळ्या छत्र्या. सहा पाहुणे भलत्याच छत्रीमागे चालत गेले आणि थेट एका बँकेत जाऊन उभे राहिले. तिथल्या रखवालदाराला त्यांनी विचारलं म्हणे, ही इमारत कोणत्या शतकातली?

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या बायकोने मला मांडीवर घेतलं. ती शिवणकाम करत असे. पडद्याचं उरलेलं पिवळंधमक कापड तिने माझ्यावर चढवलं, प्रत्येक काडीशी बारीक टाके घातले आणि म्हणाली, "हे पडद्याचं कापड आहे, पाणी गळणार. हिला उघडायचंच नाही. मिटून वर धरा आणि भिजा." तेव्हापासून हा नियम झाला. पाऊस आला की सगळं जग छत्री उघडत असे, आणि आम्ही दोघं मिटलेल्या अंगाने चिंब होत असू. ती बाई आता नाही. तिचे टाके मात्र एकही उसवलेले नाहीत.

मास्तर उलटे चालत. गाईड लोकांची ही रीतच असते, तोंड पाहुण्यांकडे आणि पाठ रस्त्याकडे. कुठे पायरी आहे, कुठे फरशी उचकटली आहे, सगळं त्यांच्या टाचांना पाठ होतं. इमारतीकडे ते वळूनसुद्धा बघत नसत. माझं टोक मागे रोखायचं आणि बोलायचं. टोक कधी चुकलं नाही.

सगळ्यांत मोठी गंमत सहाव्या थांब्यावर असे. तिथे एका जुन्या तांडेलाचं घर होतं. तांडेल म्हणजे गलबतावरचा म्होरक्या. त्या घराला लाकडी सज्जा होता आणि सज्ज्याच्या कठड्यावर नऊ मासे कोरलेले होते. आठ मासे समुद्राकडे तोंड करून, एक मात्र उलटा, घराकडे निघालेला. मास्तर म्हणत, "नवापैकी एक मासा शहाणा आहे. शोधा." मग सगळ्या माना वर होत. मिनिटभरात कुणीतरी ओरडे, "सापडला!" आणि मास्तर दरवेळी असे खूश होत, जणू त्यांनाही तो आत्ताच दिसला.

नावलौकिकही पुष्कळ मिळाला. एकदा वर्तमानपत्रात फोटो छापून आला. त्यात मी टोकापासून मुठीपर्यंत पूर्ण आले होते. मास्तर वरून कानापर्यंतच. वरची टोपी तेवढी दिसत होती. मास्तरांनी तो कापून भिंतीला लावला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता तो फोटो आठवला की लाज वाटते.

मास्तरांची लेक मोठी झाली आणि फेरीत आली. नावं लिहून घेणं तिचं काम, आणि सगळ्यांच्या शेवटी चालणंही. कुणी फोटो काढत मागे रेंगाळलं की ती त्याला हाकलून पुढे आणी. सगळे थांब्यावर पोचले की ती मागून हात वर करी. हात दिसला की मास्तर बोलायला लागत. बाप पुढे, लेक मागे, मधे तीस माणसं. बारा वर्षं असंच चाललं. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. मागून तिला बाप दिसतच नसे. डोक्यांच्या वर मी तेवढी दिसे. मी वर आहे म्हणजे बाबा ठीक आहेत, असं ती समजून चाले.

आणि बाबा ठीक नव्हते.

हे आधी मला कळलं, कारण हात माझ्या मुठीवर असे. तो घट्ट व्हायला लागला. पूर्वी मी फेरीभर हवेत असे, आता दोन थांब्यांच्या मधे मला खाली आणून फरशीला टेकवलं जाई. टक, टक. पायरीची कड कुठे आहे ते मी सांगायचं. घरी चहा कपाच्या शेजारी ओतला जाई. एकदा मास्तर एका टपालपेटीवर आदळले आणि तिलाच म्हणाले, "माफ करा हं." मग पेटीलाच हात टेकून उभे राहिले. हळूच मला म्हणाले, "कडेकडेने सगळं काळं झालंय गं. मधे एक भोक उरलंय तेवढं. कुणाला बोलू नकोस." मी कुणाला बोलणार? छत्रीचं तोंड कापडात शिवलेलं.

ते का लपवत होते ते मला ठाऊक होतं. दाखवणाऱ्यालाच दिसत नाही असं कळलं तर फेरी गेली, आणि फेरी गेली तर मास्तरांकडे उरलं काय? बायको नव्हती, संध्याकाळी घर खायला उठे. ते दोन तास होते म्हणून बाकीचे बावीस निघत.

एक दिवस त्यांनी लेकीला सांगितलं, "हात वर करणं बंद कर. त्यापेक्षा 'आले' म्हणून मोठ्याने ओरड."

"का हो बाबा?"

"मजा येते ऐकायला. बंदरात हाक पाहिजे."

ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून ओरडायला लागली. दोन वर्षं ओरडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, मित्रांनो. डोळ्यांदेखत असतो.

सोमवारी फेरीला सुट्टी असे. अशाच एका सोमवारी तांडेलाच्या घराची डागडुजी सुरू झाली. सज्जा कुजला होता, तो उतरवून सुताराकडे नेला आणि भिंतीवर निळं प्लॅस्टिक टाकलं. मंगळवारी आम्ही नेहमीसारखे सहाव्या थांब्यावर आलो. मास्तर घराकडे पाठ करून उभे राहिले. मागून लेकीचा आवाज आला, "आले!" तिने बिनसज्ज्याची भिंत पाहिली होती, पण तिला वाटलं, बाबांनी काहीतरी नवं सांगायचं ठरवलं असेल. बाबा कधी अडले आहेत का?

मास्तरांनी मला मागे रोखलं. मी ओरडू शकत असते तर ओरडले असते. म्हणाले, "वर बघा. नऊ मासे आहेत. एक शहाणा आहे. शोधा."

सगळ्या माना वर झाल्या आणि वरच राहिल्या.

मास्तर थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग हसत म्हणाले, "काय हो मंडळी, डोळे आहेत की बटणं?"

पुढच्या रांगेत एक वयस्क बाई होती, हातात सुती पिशवी. ती अगदी हळू म्हणाली, "काका, तिथे मासे नाहीत. सज्जाच नाही. नुसतं प्लॅस्टिक आहे."

मास्तर वळले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या घराकडे तोंड करून उभे राहिले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, त्या एवढ्याशा भोकातून निळा तुकडा शोधत राहिले. मग त्यांनी मला खाली आणलं, दोन्ही हात माझ्यावर टेकवले आणि म्हणाले, "खरं आहे, बाई. मला दिसत नाही. बरेच दिवस झाले."

लेक तीस माणसांना ढकलत पुढे आली. तिने बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसतीच बघत राहिली. तोही तिच्याकडे बघत होता, पण जरा बाजूला. तेव्हा ती रडली. रस्त्यात, सगळ्यांसमोर.

पुढे डॉक्टरांकडे जाणं झालं. त्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखता येईल. मग वैतागून म्हणाले, "दोन वर्षं आधी का नाही आलात?" लेक म्हणाली, "मी पाहिलं नाही." डॉक्टरांना वाटलं ती हातातल्या तपासणीच्या कागदाबद्दल बोलते आहे. मी कोपऱ्यात उभी होते, मला कळलं.

मास्तर महिनाभर घरात बसले. मला दाराच्या खिळ्याला टांगलं होतं. विश्रांती म्हणतात ती हीच का, असं मला वाटे. आयुष्यभर जिची वाट बघितली ती आली, आणि अंगाला लागली नाही. लेक एकटीच फेरी नेई, लाल कापडाचा झेंडा घेऊन. घरी येऊन म्हणे, "बाबा, सहाव्या थांब्यावर काय बोलू? भिंत दाखवू?"

शेवटी एका दुपारी ती त्यांना सुताराच्या कारखान्यात घेऊन गेली. मीही गेले, काठी म्हणून. सज्ज्याचा नवा कठडा भुशात आडवा ठेवला होता. सुतार कौतुकाने म्हणाला, "हात लावून बघा, काका. जुन्यासारखाच हुबेहूब कोरलाय."

मास्तर खाली बसले. एकेका माशावरून बोटं फिरवत गेले. नवव्यापर्यंत गेले, परत पहिल्यावर आले.

"उलटा कुठे आहे?"

"तो होय," सुतार म्हणाला. "ती आधीच्या कारागिराची चूक होती. मी सुधारून घेतली."

"अरे बाबा," मास्तर म्हणाले, "त्या एका चुकीमुळे लोक बाकीचे आठ नीट बघायचे."

सुताराने डोकं खाजवलं. "परत कोरायचा म्हणजे पूर्ण फळी बदलावी लागेल. आणि कितवा होता तोही आता आठवत नाही. जुनी लाकडं भट्टीत गेली." त्याने लेकीकडे बघितलं. ती हजार वेळा त्या सज्ज्याखालून गेली होती. तिला सांगता येईना.

"डावीकडून सहावा," मास्तर म्हणाले. "शेपटी जरा वर. आणि डोळा त्याचा बाकीच्यांपेक्षा मोठा."

सुतार कुरकुरला. मास्तर रोज जाऊन त्याच्या बाकावर बसू लागले. पाचव्या दिवशी कंटाळून त्याने पटाशी उचलली.

आता मास्तर पुन्हा फेरीत आहेत. पुढे नाहीत, मागे. लेक पुढे असते, आणि शेवटी चालणारं माणूस म्हणजे मास्तर, हातात मी. हाक मारायचं काम आता त्यांचं. मी वर नसते, खाली असते. एका म्हाताऱ्याचं अख्खं वजन माझ्यावर असतं. मला छत्री म्हणून जन्माला घातलं होतं, काठी म्हणून नव्हे, आणि माझा दांडा रोज कुरकुरतो. मी फार थकले आहे, मित्रांनो. माझ्या टोकाला कुणी एखादं रबरी टोपण बसवलं तर बरं होईल. आणि अजून एक मागणं आहे. तुम्हाला कुणी काही दाखवत असेल, घरात, शाळेत, रस्त्यात, तर ते जरूर बघा. पण एकदा मान वळवून दाखवणाऱ्याकडेही बघा. मला हजारो लोकांनी पाहिलं. माझ्याखाली कोण उभं आहे, हे बघायला दोन वर्षं लागली, आणि तोवर उशीर झाला होता.

परवा सज्जा परत चढला. सहाव्या थांब्यावर सगळे जमले. मास्तरांनी मागून हाक दिली, "आले!" लेकीने झेंडा मागे रोखला आणि म्हणाली, "नवापैकी एक शहाणा आहे. शोधा." सगळ्या माना वर झाल्या. कुणीतरी ओरडलं, "सापडला!" मास्तर हसले, पूर्वी हसत तसेच.

तीस माणसं माशाकडे बघत होती. लेक टाचा उंचावून, डोक्यांवरून, मागे आमच्याकडे बघत होती.