अकरा हजारांचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, फौजी टोपीवरचा. मित्रांनो, सांगायला बसलोय खरा, पण आता फार दम उरलेला नाही. थोडक्यात सांगतो.

पितळेच्या पत्र्यावर साच्याचा घाव पडला आणि माझ्यासारखे शेकडो भाऊ एका दिवसात तयार झाले. आमच्यात कसलाच फरक नव्हता. फरक पडला तो पुढे, माणसांमुळे. मी चिखलीच्या चिमाजींच्या टोपीवर गेलो. ते मला रोज फडक्याने पुसत. सतरा वर्षे पुसून पुसून माझी अक्षरे गुळगुळीत झाली, पण वाचता येत होती.

चिमाजी गेले. गणवेशातला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. होतो तो मीच. त्यांच्या पत्नी गोजाबाई मला देवाजवळ ठेवत आणि आल्यागेल्याला सांगत, "ह्यो आमच्या मालकांचा."

गेल्या दिवाळीत त्यांच्या नातवाने, निरंजनने, फोनवर काहीतरी पाहिले. तो चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे.

"अगं, असल्याच बिल्ल्याला चार हजार!"

"उगाच कोण देतंय?" त्याची बायको योगिनी म्हणाली.

"नकली माल सुटलाय ना, म्हणून खऱ्याला भाव. आपला शंभर टक्के खरा."

संक्रांतीपर्यंत सात हजार झाले, पाडव्याला अकरा. निरंजन रोज भाव बघे आणि अजून थांबू म्हणे. भाव वाढला तसा माझा उजेड कमी झाला. देवाजवळून मी बिस्किटांच्या डब्यात गेलो, डब्यातून कपाटाच्या लॉकरमध्ये. योगिनीला तर चैनच नव्हते. तिची स्वरूपा दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालणारी. माझी पिन टोचेल का, पोर मला गिळेल का, आता तर कुणी चोरेल का, म्हणून ती दिवसातून तीनदा कुलूप ओढून बघायची.

"बिल्ला दिसंना गं?" गोजाबाई विचारत.

"जपून ठेवलाय, आजी."

कुणासाठी जपलाय, ते मात्र कुणी सांगितले नाही.

"अहो, आजींना विचारा ना," योगिनी नवऱ्याला म्हणाली.

"विचारलं तर नाहीच म्हणणार."

"म्हणून तर विचारा."

"आधी गिऱ्हाईक तर येऊ दे!"

गिऱ्हाईक मिळाले. दिग्विजय नावाचे, हिंजवडीत नोकरी करणारे, बिल्ले जमवणारे गृहस्थ. रविवारी येणार होते. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर निरंजन मला खिशात घालून समाधानच्या शेडमध्ये गेला. समाधान त्याचा मित्र. तो गाड्यांच्या पार्टला पॉलिश मारतो.

"भावा, दोन मिनिटांत आरसा करतो," समाधान म्हणाला.

मशीनचे कापडी चाक फिरले. मित्रांनो, मी एवढा तापलो की समाधानने मला पक्कडीत धरले. आधी काळेपणा गेला, मग अक्षरे गेली. वर निकेलचा मुलामाही चढवला. पैसे घेतले नाहीत, मित्राचे काम म्हणून.

दिग्विजयांनी भिंग काढले आणि लगेच खिशात ठेवले.

"हे काय करून बसलात?"

"चमकवलाय, सर. नवीन वाटतो की नाही?"

"नवीनच हवा असता तर बाजारात पन्नास रुपयांना मिळतो, दादा."

चहासुद्धा न घेता ते गेले. त्या संध्याकाळी निरंजनने मला गुपचूप देवाजवळ ठेवले. गोजाबाईंनी मला उचलले, खिडकीपाशी नेले, उलटसुलट केले.

"ह्यो कुणाचा रं?"

"आपलाच, आजी. आजोबांचा."

"गप! आमच्या मालकांचा मला ठाव न्हाई व्हय? ह्यो दुकानातला हाय. आमचा इकलास न्हवं?"

"नाही विकला, आजी. शपथ!"

कित्येक महिन्यांत त्याने माझ्याबद्दल आजीला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. तीच तिला पटली नाही. योगिनी पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

मित्रांनो, जुनी वस्तू ठेवा, नाहीतर विका. मी कोण सांगणार? पण तिला हात लावण्याआधी, घरात ती ज्यांची आहे त्यांना एकदा विचारा. तेवढे केले असते तर आज मी असा बिनओळखीचा पडलो नसतो. गोजाबाई अजून रोज कपाट उघडून मला शोधतात. मी समोरच असतो.