आत कोण राहिलं?

आणीबाणीत कारखाना रिकामा करण्याच्या मागच्या सरावात सायरन वाजल्यावर ‘कारखान्यात अजून कोण आहे’ ही यादी यायला अकरा मिनिटं लागली होती. गेटवरचे धर्माजी संगणक विभागातल्या मोनालीला म्हणाले होते, “पोरी, खरोखर विषारी वायू सुटला असता तर आतल्या माणसाचं काय झालं असतं?” ते तिच्या डोक्यातून जाईना.

आज दुपारी बोईसरच्या त्या कारखान्यात पुन्हा सराव होता. सकाळी आल्या आल्या तिने यादी काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारणारी आज्ञा, उघडली, आणि वाचता वाचता ताठ बसली. ‘या माणसाची गेटवरची शेवटची नोंद कोणती?’ हा एकच प्रश्न कुणीतरी चार ठिकाणी जसाच्या तसा लिहिला होता. डेटाबेस बिचारा दीड हजार कामगारांपैकी प्रत्येकासाठी तो चार-चारदा सोडवत होता, दर वेळी लाखो नोंदी चाळून!

तिने तो प्रश्न उचलून सगळ्यात वर नेला. सर्वांच्या शेवटच्या नोंदी एकदाच काढून ठेवल्या आणि चारही ठिकाणी त्याच वापरल्या. एंटर दाबलं. चार सेकंद!

“रूपेश!” ती किंचाळलीच.

शेजारचा रूपेश धावत आला. “शक्यच नाही. काहीतरी गाळलंस तू.”

दोघांनी जुन्या क्वेरीनेही यादी काढली आणि नावागणिक ताडून पाहिली. एकाही नावाचा फरक नव्हता. मोनालीने टेबलावर असा हात मारला की चहा सांडला.

तीन वाजता सायरन वाजला. गेटवरच्या यंत्राला कार्ड दाखवत माणसं बाहेर पडली. गर्दी ओसरताच गेटवरच्या संगणकावर मोनालीने यादीचं बटण दाबलं. पडद्यावर एकच नाव उरलं होतं: बायडी वरठा, सफाई विभाग.

“अरे, ती पंपघरामागं हाय!” धर्माजी ओरडले. “तिथं सायरन ऐकू येत नाय!”

बचाव पथक धावलं. तीन मिनिटांत बायडी हातातल्या खराट्यासकट बाहेर आली, गोंधळलेली.

“मी आत हाय, तुमाला कसं कळलं?”

धर्माजींनी मोनालीकडे बोट दाखवलं. मोनालीला हसू आवरत नव्हतं. तिकडे व्यवस्थापक पंपघरामागे दुसरा भोंगा आजच बसवायला सांगत होते, आणि रूपेश विचारत होता, “बाकीच्या क्वेऱ्या कधी उघडायच्या?”

“आत्ता!” म्हणत ती ऑफिसकडे पळाली.