खंडेनवमीचं ताम्हण

खंडेनवमीला आमच्या हडपसरच्या कंपनीत सगळ्या यंत्रांची पूजा होते. प्रिंटरला झेंडूचा हार, सोल्डरिंग गनला हळद-कुंकू. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्ध्याला आमचे बाबा सायकलच्या पंपालाही फूल वाहायचे. माझी तक्रार ताम्हणाची होती. अकाउंट्सच्या हेमाताईंनी मोठ्या हौसेने त्यात पाच कार्डं मांडली होती.

ही कार्डं एका जागी येऊ नयेत, एवढ्याचसाठी मी सहा महिने डोकं फोडलं होतं. आम्ही हॉस्पिटलांतल्या ऑक्सिजनच्या झडपा चालवणारी यंत्रं बनवतो. ती नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात आणि ज्याच्या चिपवर कंपनीची सही असेल, त्याचंच ऐकतात. ती सही करणारी किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, मी पाच कार्डांत वाटली होती. कुठलीही तीन एकत्र आली तरच ती चालते. म्हणून पाच कार्डं पाच माणसांच्या घरी, खडकीपासून विश्रांतवाडीपर्यंत. एखादा फितूर झाला तरी बिघडायला नको. आणि इथे पाचही जण आपापलं कार्ड घेऊन पूजेला हजर, कार्डं झेंडूखाली गुण्यागोविंदाने नांदत होती.

पहिली यंत्रं दसऱ्यानंतर हॉस्पिटलला जायची होती. मी हेमाताईंना सांगितलं की कार्डं अशी एकत्र उघड्यावर राहिली, कुणीही किल्लीची नक्कल काढली असेल, म्हणून ही किल्ली बाद झाली, सगळ्या यंत्रांवर नवी सही करावी लागेल. मी सोवळं मोडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मालकांना बोलावलं.

श्यामसुंदर सर शनिवार पेठेतले. ते आवाज चढवत नाहीत, त्यांना त्याची गरज पडत नाही.

"भाग्यश्रीबाई, ही माणसं माझ्याकडे कंपनी निघाल्यापासून आहेत," ते म्हणाले. "आपण अजून प्रोबेशनवर आहात. तरी यातला चोर कोण ते सांगून ठेवा, म्हणजे प्रसाद देताना मला लक्षात राहील."

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी जाईल याची भीतीही वाटली, नाही कशाला म्हणू? पण माझं चुकत नव्हतं, आणि चुकत नसताना गप्प बसणं मला जमत नाही. उद्या कुणाचा तरी श्वास या यंत्रांच्या भरवशावर चालणार होता.

आरती सुरू झाली. सगळ्यांनी अगदी मनापासून डोळे मिटले. मी ताम्हणातली तीन कार्डं उचलली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. कार्डांना पिन होता, पण सोयीचं म्हणून पाचही जणांनी कंपनीच्या स्थापनेचं वर्षच ठेवलं होतं, आणि ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पँट्रीतलं चहाचं मशीन नेटवर्कला जोडलेलं होतं. त्याच्या चिपवर मी कंपनीची सही केली आणि त्याला एक हुकूम सोडायला लावला. मंत्रपुष्पांजली संपायच्या आत पूजेत ठेवलेली नमुन्याची झडप खट्कन बंद झाली.

सरांनी डोळे उघडून काय झालं म्हणून विचारलं.

"चहाच्या मशीनने ऑक्सिजन बंद केला," मी म्हटलं. "यात चोर कोणीच नाही, सर. तरी झडप बंद झाली."

या वेळी कोणी हसलं नाही. सरांनी हेमाताईंच्या टेबलावरची कात्री घेतली आणि पाचही कार्डं एकेक करून कापली. हॉस्पिटलला फोन करून त्यांनी स्वतःच सांगितलं की माल उशिरा येईल, चूक आमची आहे. फोन ठेवला आणि माझ्यापुढे हात केला.

"लॅपटॉप द्या."

संपलं, असं मला वाटलं.

"किल्ली आपल्या हातातूनही गेली आहे," ते म्हणाले. "हा पुसून होईपर्यंत आपल्यावरही विश्वास नाही. आणि नवी किल्ली करताना आपण खोलीत एकट्या नसाल."

इतका आनंद मला कॉलेजात पहिली आले तेव्हाही झाला नव्हता. मी लॅपटॉप दिला. खिशातला पेनड्राइव्हही काढून वर ठेवला, कारण तो मागायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.